सेटिंगराव

हातकणंगल्यात टीव्हीवर निळा पडदा आला, सुनेचं वाय-फाय बंद पडलं किंवा म्हातारीच्या मोबाईलवरचं अक्षर एकाएकी बारीक झालं, तर माणसं दुकानाकडं जात नाहीत. सेटिंगरावांकडं जातात. त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि तिथंच राहिलंय. वय चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं, नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत नाहीतर इचलकरंजीत सुताच्या पेढीवर, आणि खांद्याला एक काळी बॅग. त्या बॅगेत काय नसतं हे सांगणं सोपं आहे. पैसे नसतात. बाकी तीन चार्जर, टेस्टर, सिम काढायची पिन, आणि आता कुणाच्याच फोनला न बसणारी एक वायर, 'असू दे, कुणाला तरी लागंल' म्हणून.

पाहुणा उंबरा ओलांडून आत आला की घरची माणसं पाणी विचारतात. सेटिंगराव विचारतात, "किती टक्के हाय?"

गावाबाहेरच्या माणसाला हे खूळ वाटेल. पण आमच्याकडं याला नाद म्हणतात आणि नाद असणाऱ्याला मान असतो. कुणाला कुस्तीचा, कुणाला शर्यतीच्या बैलांचा, कुणाला कबुतरांचा. यंत्राचा नादही काही आजकालचा नाही. आमच्याच तालुक्यातल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः खटपट करून बनवला आणि दोन वर्षांनी 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सेटिंगराव या दोघांनाही आपल्या भावकीत धरतात. धरू देत. मला दिसतो तो फरक एवढाच, की दातारांच्या मागातून कापड निघालं, पेंटरांच्या कॅमेऱ्यातून सिनेमा निघाला आणि सेटिंगरावांच्या एका खटपटीतून दुसऱ्या खटपटीची खरेदी निघते.

प्रवासाला ते जातात ते गाव बघायला असं कुणी समजू नये. ते वस्तू तपासायला जातात; गाव वाटेत लागतं. आंबा घाटात रेंज मिळत नाही म्हणून आदल्या रात्री अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवतात आणि तो खरंच चालतो का हे बघायला सरळ रस्ता सोडून आडरस्त्याला लागतात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात, "ह्यांनी गणपतीपुळ्याचा समुद्र बघितला, न्हाई असं न्हाई. पण घरी आल्यावर, एडिटिंग करताना." बाहुबलीच्या डोंगरावर २८ फुटी मूर्तीसमोर सगळे हात जोडून उभे असतात तेव्हा हे मागं मागं सरकत असतात. भक्ती नसते असं नाही. मूर्ती फ्रेममध्ये मावत नसते.

पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ सालचा आणि हातकणंगले त्यावरचं स्टेशन. पण ही नवी गाडी काही आमच्याकडं थांबत नाही. गावानं हळहळ व्यक्त केली. सेटिंगराव पॅसेंजर धरून उलटे मिरजेला गेले, तिथून वंदे भारतचं तिकीट काढलं आणि खिडकीला फोन टेकवून जीपीएसवर वेग बघत कोल्हापूरला उतरले. आपल्याच गावातून न थांबता जाण्यासाठी जादा पैसे मोजणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. वर, "गाव गेलं कधी ते कळलंच न्हाई बघा!" हे ते अभिमानानं सांगत होते.

विमानाचा किस्सा तर त्यांच्याकडूनच ऐकावा. उजळाईवाडीच्या विमानतळावर तपासणीच्या माणसानं पॉवर बँक उचलून बघितली मात्र, यांनी हिशेब सुरू केला. वीस हजार एमएएच, गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे ७४ वॅट-तास. मर्यादा शंभरची. सामानात टाकायची नाही, हातातच ठेवायची, हेही त्यालाच समजावून दिलं. त्यानं फक्त पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं होतं.

खाण्याच्या बाबतीत सेटिंगराव अस्सल कोल्हापुरी आहेत, फक्त घास तोंडात जायला वेळ लागतो. मिसळ आली की आधी फोटो, मग वरून व्हिडिओ, मग लांबूनच उष्णता सांगणारं ते पिस्तुलासारखं यंत्र. "कट ७१ अंश," असं जाहीर होतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस तोवर दुसऱ्यांदा रस्सा मागवून ब्रेडची स्लाइस बुडवत असतो. यांची दुसरी नोंद होते तेव्हा कट ४० वर आलेला असतो आणि पोऱ्या विचारतो, "गरम करून आणू काय, का अजून मापायचंय?"

एअर फ्रायर आला तेव्हा त्यांनी बिनतेलाचा कटवडा करायचा घाट घातला. त्यांच्या आईंनी सगळी तयारी शांतपणे बघून घेतली आणि विचारलं, "तेल न्हाई, तर कट कुठनं आणणार हाईस?" यावर कंपनीच्या पुस्तिकेत काही उत्तर नव्हतं.

त्याच आईंची वर्षाची चटणी हा तर सेटिंगरावांचा जुना घाव. उन्हाळ्यात डंकावर जायच्या आधी ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं, तीळ, धने किती, हे सगळं एकदा ग्रॅममध्ये लिहून ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं. वजनकाटा मांडून बसले. आई मूठ घालायच्या, हे मूठ अडवून आधी काट्यावर न्यायचे. प्रत्येक मुठीचं वजन वेगळं भरलं. "कुठली मूठ बरोबर?" असं त्यांनी विचारल्यावर आई म्हणाल्या, "सगळ्याच."

एवढ्यावर थांबले असते तर ते सेटिंगराव कसले! त्यांनी हवेतली धूळ मोजायचं यंत्र नुकतंच घेतलं होतं. आपल्याकडच्या मानकाप्रमाणं पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. सोप्यात मिरच्या भाजायला घेतल्या आणि यंत्राचा आकडा २००, ४००, ७०० करत ९९९ वर जाऊन थांबला, कारण त्यापुढं त्याला मोजता येत नव्हतं. यंत्र लाल होऊन बोंबलायला लागलं. सेटिंगरावांनी पोरं बाहेर काढली, वहिनींना बाहेर काढलं, शेजारच्या तात्यांनाही अंगणातून हलवलं आणि रुमाल बांधून आत जाऊन आईंना हात जोडले. आई कढईपुढं पदर नाकाला लावून बसल्या होत्या. त्यांनी उलथनं न थांबवता सांगितलं, "त्याला बाहेर घेऊन जा आधी. त्याला ठसका लागलाय."

घरात दिव्यांनाही वाय-फाय आहे. लाईट जाऊन परत आली की न्हाणीघरातला दिवा पाच मिनिटं अपडेट होत बसतो आणि आत गेलेला माणूस अंधारात साबण शोधत बसतो. पण या सगळ्या पसाऱ्यात खरं कामाचं यंत्र आहे ते त्यांच्या वडिलांकडं, आबांकडं. उसाच्या मोटरीला लावलेला मोबाईल स्टार्टर. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं म्हणजे पायाखाली काय येईल याचा नेम नाही. आबा अंथरुणातून फोन लावतात, पलीकडून बाई सांगते मोटर चालू झाली, आबा कूस बदलतात. याला ना अ‍ॅप, ना आलेख. सेटिंगरावांना ते बघवलं नाही. त्यांनी नवा, इंटरनेटवर चालणारा बसवला. त्याचा ओटीपी सेटिंगरावांच्या फोनवर यायचा आणि सेटिंगराव त्या रात्री पन्हाळ्यावर, बॅटरी किती टिकते ते बघायला फोन विमान मोडवर टाकून झोपलेले. सकाळी आबांनी काही न बोलता जुना डबा परत लावला. त्याला सिम घालायला पिन लागली तेवढी मुलाच्या बॅगेतनं घेतली.

तरी या माणसावर कुणी जास्त हसलं तर मला राग येतो. ई-पीक पाहणीचे दिवस येतात तेव्हा शिवारात फिरून बघा. पिकाचा फोटो रानात उभं राहूनच काढावा लागतो, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. फोन नातवाचा, पासवर्ड पुण्याला, रानात रेंज नाही आणि हातात चष्मा. अशी म्हातारी माणसं बांधावर बसून असतात. सेटिंगराव रजा टाकतात, दोन कंपन्यांची सिमं आणि पॉवर बँक घेऊन या गटातून त्या गटात जातात. सोयाबीनमध्ये चिखल तुडवतात, उसात पानं कापून घेतात. कुणावर वैतागत नाहीत. "काका, बोट जरा पुसा आन् मग दाबा," हे एकाच काकांना पाच वेळा त्याच आवाजात सांगतात.

पैसे घेत नाहीत. गेल्या खरिपात एका काकांनी फारच आग्रह केला तेव्हा घुटमळत म्हणाले, "पैसं नगो. तुमच्या माळ्यावर त्यो जुना रेडिओ हाय न्हवं?"

संध्याकाळी लाकडी पेटीचं ते धूड सायकलीच्या कॅरिअरला बांधून दारात आलं. वहिनी बाहेर आल्या. पुढून बघितला, वाकून मागून बघितला, एक बोट धुळीतून फिरवलं आणि म्हणाल्या, "चार्जिंगची पिन न्हाई ह्याला. आणा आत."