सवलत सुटता सुटेना

परदेशातल्या मराठी माणसाला पगारवाढ मिळाली की तो पेढे वाटतो. करसवलत मिळाली की मात्र कुणाला सांगत नाही. रात्री सगळे झोपल्यावर एक्सेलची फाइल उघडून एकटाच बघत बसतो.

आमच्या रेडिंगच्या भाच्याकडे अशी फाइल 2018 पासून आहे. विषय : चाइल्डकेअर व्हाउचर. ब्रिटनमधल्या कंपन्या पगारातून ठरावीक रक्कम कर लागण्याआधीच वळती करतात आणि तेवढ्याच किमतीची व्हाउचर देतात. ती पाळणाघराला, शाळेनंतरच्या क्लबला, सुट्टीतल्या शिबिरांना चालतात. म्हणजे पैसे तुमचेच, पोरही तुमचंच. सरकार फक्त मधे हात घालत नाही, एवढाच त्याचा उपकार. त्यातही पगार मोठा तशी मुभा लहान. साध्या दराने कर भरणाऱ्याला महिन्याला 243 पौंडांपर्यंत, 40 टक्केवाल्याला 124. भाचा या दुसऱ्या पंगतीतला. वर्षाची बचत साधारण 625 पौंड.

ही योजना सरकारने 4 ऑक्टोबर 2018 रोजी नव्या लोकांसाठी बंद केली. आधी ती एप्रिलमध्येच बंद व्हायची होती, मग सहा महिने वाढवून दिले. 'शेवटची तारीख' आणि 'मुदतवाढ' एकाच बातमीत आले की आपला माणूस रांगेत उभा राहिलाच म्हणून समजा. रांग कशाची, ते पुढच्याला नंतर विचारता येतं. भाचा सप्टेंबरच्या पगाराला आत शिरला.

वास्तविक तेव्हा शेजारी दुसरी योजना सताड उघडी होती, टॅक्स-फ्री चाइल्डकेअर. तुम्ही 8 पौंड भरा, सरकार वर 2 घालतं, एका मुलामागे वर्षाला 2,000 पौंडांपर्यंत. दोन्ही योजना एकदम घेता येत नाहीत. हिशेब पाचवीतल्या पोराचा आहे. भाच्याचा सांभाळण्याचा खर्च वर्षाला 3,125 पौंडांच्या आत असेल तर व्हाउचर बरं, त्यावर गेला तर दुसरी योजना. आणि एक वर्षाच्या लेकराचं पूर्णवेळ पाळणाघर? तिकडे तेव्हा एवढ्या पैशांत जेमतेम तीन महिने निघत! म्हणजे हा पठ्ठ्या 2,000 सोडून 625 धरून बसला. सूनबाईंनी कागदावर मांडून दाखवलं. त्यावर भाचा म्हणाला, "अगं, ती काय कधीही मिळेल. ही बंद होणार आहे!"

या तर्कापुढे सूनबाईंनी हात टेकले. मीही टेकले असते.

आता ते व्हाउचर म्हणजे भाच्याचं वतन झालं आहे. वतनाच्या अटीही तशाच. धनी बदलायचा नाही. धन्याने योजना चालू ठेवली पाहिजे. बिनपगारी रजा वर्षापेक्षा लांबवायची नाही. एकदा बाहेर पडलात की पुन्हा प्रवेश नाही. पोराच्या पंधराव्या वाढदिवसानंतर येणाऱ्या 1 सप्टेंबरपर्यंत मात्र उपभोग चालू. पोरगा 2017 चा, त्यामुळे भाचा 2032 पर्यंत वतनदार.

मध्यंतरी दुसऱ्या कंपनीने वर्षाला सहा हजार पौंड जास्त देऊ केले. कर वजा जाता हातात साडेतीन हजारांच्या आसपास. मी अभिनंदनाचा फोन केला.

"नाही म्हणून कळवलं मामा."

"का रे?"

"व्हाउचर गेलं असतं ना!"

त्याच्या साहेबाला हे ठाऊक असावं. भाच्याची खुर्ची त्यानंतर खिडकीपासून स्वच्छतागृहाकडे सरकली. भाचा काही बोलला नाही. वतनदार बोलत नसतो.

पुढची गंमत अशी, की पोरगा शाळेत जायला लागला, सूनबाई घरून काम करू लागल्या आणि व्हाउचर उरू लागली. वर्षाला 1,488 पौंडांची. ती मोडून रोख हातात घेता येत नाहीत, एका पौंडाचं दूधही त्यावर येत नाही. मग ती संपवायची कशी? पोराला शिबिरांना धाडून. पोराने आतापर्यंत सर्कशीचं शिबिर केलं, तिरंदाजीचं केलं, जंगलात काटक्यांवर चूल पेटवायचं केलं. त्याला खरं तर घरी आजीजवळ लोळत पडायचं असतं. पण आजीला व्हाउचर चालत नाही.

आजी म्हणजे आमची ताई. आयुष्यभर तिने चिंचवडला बालवाडी चालवली. अर्ध्या चिंचवडची शेंबडी नाकं तिने पुसली आहेत. पण नियम स्पष्ट आहे : सांभाळणारी संस्था किंवा बाई नोंदणीकृत हवी, आणि नातेवाइकाने मुलाच्याच घरी मुलाला सांभाळलं तर ते या हिशेबात सांभाळणं नव्हे. शिवाय ताई जाते व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांची पाहुणी. पाहुणीने डबा करावा, शाळेतून आणावं, पाढे घ्यावेत. फक्त पैसे घेऊ नयेत. ती तिथे असते तेव्हाही पोरगा सकाळी शिबिराला जातो, कारण पैसे वाया जातात. ताई खिडकीशी बसून भेंडी चिरते आणि फोनवर मला विचारते, "अरे, मग मला बोलावलं कशाला?"

परवा मी भाच्याला म्हटलं, नोकरी बदलत नाहीस तर निदान तिथेच बढती तरी माग.

"तोच तर घोळ आहे, मामा. आईबापांपैकी एकाचंही उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर गेलं की टॅक्स-फ्री चाइल्डकेअर जाते, लहान पोरांसाठी सरकार देतं ते फुकट पाळणाघराचे आठवड्याचे तीस तासही जातात. इथले भले भले वाढीव पगार पेन्शनमध्ये टाकून एक लाखाच्या खाली राहतात."

"हो, पण तू ती योजना घेतोस कुठे?"

"नाही घेत."

"पोराचं ते तीस तासांचं वय?"

"ते केव्हाच सरलं."

"आणि तुझा पगार?"

"बासष्ट हजार," भाचा म्हणाला. "पण जपून असलेलं बरं."