सरळ रेषेत भावनगर

नकाशावर पट्टी ठेवली तर सुरतेच्या विमानतळापासून भावनगरचा विमानतळ साधारण 91 किलोमीटर. मोटारीनं निघालात तर खंभातच्या अख्ख्या आखाताला वळसा: भरूच, वडोदरा, तारापूर, वटामण... साडेतीनशेच्या वर. म्हणून मेहुण्याच्या वास्तुशांतीला आम्ही विमानानं निघालो. नऊ आसनं, एक इंजिन, अर्धा तास.

तिकीट काढताना फोनवरच्या मुलीनं वजन विचारलं. मी 74 सांगितलं. हे खोटं नव्हतं. आमच्या साखरपुड्याच्या वेळचं होतं.

"अहो, खरं सांगा," बायको म्हणाली, "ते विमान आहे, स्थळ नव्हे."

नवं टर्मिनल 2023 सालचं, चकचकीत. माझ्या वाट्याला मात्र त्यातला फक्त वजनकाटा आला. आधी त्यावर बॅग चढली, मग मी. आकडा 88. काउंटरवरच्या मुलानं कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मी बूट काढले. पट्टा काढला. उधन्यातल्या घराची किल्लीसुद्धा काढली. काटा 87.6 वर येऊन रुसला. इतक्या छोट्या विमानात वजन किती हेच नव्हे, ते कुठं बसलंय हेही बघावं लागतं, असं त्यानं गोड आवाजात समजावलं. मागची रांग कान देऊन ऐकत होती. 2014 साली ह्याच धावपट्टीवर उड्डाण घेणाऱ्या विमानाला म्हैस आडवी आली होती. तिचं वजन विचारायची कुणाची टाप नव्हती!

आता एक तर मी राहणार, नाही तर तीन किलो घारी. मावा, तूप, बदाम-पिस्ते. बायकोच्या चेहऱ्यावरून निकाल माझ्या विरुद्ध लागलेला दिसत होता.

तेवढ्यात मागून एक काटकुळा तरुण पुढे आला. हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणारा. काट्यावर उभा राहिला: 49. "भाई, एमनुं वधारानुं वजन मारा खातामां नाखी दो."

मुलानं सगळ्यांची बेरीज पुन्हा केली आणि मान हलवली. मी बूट घातले. पट्टा हातातच राहिला.

विमानात तो माझ्या शेजारी होता. घारीचा डबा त्यानं आपणहून मांडीवर घेतला. खाली आखात, दाट दुधाच्या चहासारखं. भरती-ओहोटीनं गाळ ढवळलेला. तो खिडकीतून मोबाइलवर चित्रीकरण करत होता. वडिलांना दाखवायला, म्हणाला. ते सुरतेत हिरे घासत असताना आजी गेली. रात्रभर एसटीत बसून गावी पोचले, तोवर अग्नी देऊन झाला होता. एवढं सांगून तो पुन्हा खाली बघत बसला. मीही बघितलं. आखात संपलं होतं.

भावनगरात तख्तेश्वराच्या टेकडीवरून गाव बघितलं. बाकी दोन दिवस गाठिये.

परतताना काट्याची हिंमत झाली नाही. भावनगरजवळच्या घोघ्याहून सुरतेजवळच्या हजिऱ्याला 2020 पासून रो-रो फेरी आहे. समुद्रातून साधारण 90 किलोमीटर, चारेक तास. मालानं भरलेले ट्रक तिच्या पोटात बिनबोभाट शिरत होते. ते बघून जीव भांड्यात पडला.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, "गाडी की माणूस?"

"माणूस," मी म्हणालो.

"नीट बघून घ्या हं," बायको मागून म्हणाली.