साक्ष दिली, घर गेलं

"काकू, रीग्सटाउनकडे गेला होतात म्हणे? तिकडं काय बघायचं, गाई नि चिखल?"

"वाइल्डगूज लॉजची जागा बघायला गेले होते. अगं, आयर्लंडातल्या आपल्या या लाऊथ काउंटीतलं सगळ्यात भयंकर प्रकरण तिथलंच. ऑक्टोबर १८१६, २९ तारखेची रात्र. एडवर्ड लिंचचं घर पेटवून दिलं. आत आठ माणसं, त्यात तान्हं नातवंडसुद्धा. एकजण वाचला नाही."

"अगं बाई! कुणी इंग्रज जमीनदार असेल, नाही का?"

"तिथंच तर मेख आहे. लिंच कॅथलिकच, पेटवणारेही कॅथलिकच. रिबनमेन म्हणून टोळी होती, शपथेनं बांधलेली. त्याच वर्षी एप्रिलात ते बंदुका मागायला याच्या घरात घुसले. लिंच नि त्याचा जावई गप्प बसले नाहीत. कोर्टात उभं राहून माणसं ओळखली. तिघं फासावर गेले. मग काय, डूख धरला!"

"आणि सरकार?"

"सरकार काय सोडतंय! अठरा जण लटकवले. म्होरक्या म्हणून पॅडी डेवन धरला. विणकर, शाळामास्तर, वर चर्चचा कारकून. त्याला त्या जळक्या घराशीच फाशी दिली, नि प्रेत डांबर लावलेल्या गोणपाटात घालून रस्त्याकडेला टांगून ठेवलं. लेखक विल्यम कार्लटननं तरुणपणी ते पाहिलं. गोणपाटाखालून चिकट तारा लोंबत होत्या म्हणून लिहून ठेवलंय. आणि डेवनचं घर जवळच. आईनं दार उघडलं की पोरगा समोर."

"काकू, पुरे हो, मला आत्ताच जेवायचंय."

"विचारलंस तूच! आता गंमत ऐक. लोक म्हणतात, त्या अठरांतले कितीतरी निर्दोष. ते खोटं नसावं. खटले माफीच्या साक्षीदारांवर उभे होते. मान वाचवायची तर दुसऱ्याची पुढं करायची. पण त्याच तोंडानं लिंचला म्हणायचं 'खबऱ्या'! घरात घुसलेल्यांना ओळखलं, हा याचा गुन्हा. कार्लटनची यावरची १८३० मधली गोष्टसुद्धा सांगतो कोण? पेटवायला गेलेल्यांतलाच एक."

"मग तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं?"

"त्या बाळाच्या. आणि डेवनच्या आईच्याही."

"दोन्ही डगरींवर हात!"

"ठेवते की. मला काय जातंय? माझ्या दारी कुणी मशाल घेऊन येणार नाही. आपल्या दारी येतील हे लिंचला पक्कं ठाऊक असणार, तरी तो कोर्टाची पायरी चढला. चल, तुझा कुकर शिट्ट्या मारतोय."