पनवेलचा लोकरी मोजा

लोकरी मोजा आधी विरतो तो टाचेला आणि अंगठ्यापाशी, कारण बुटाच्या आत पाय सतत सरकत असतो. निव्वळ मेरिनो लोकर मऊ, म्हणून अल्पायुषी. थोडे नायलॉन मिसळले की मोजा तग धरतो. 'शंभर टक्के लोकर' ही चिठ्ठी टिकाऊपणाची नसून बहुधा किमतीची असते. पनवेलमध्ये थंडी मुख्यतः कॅलेंडरात पडते, तरी पहाटे कर्नाळ्याकडे सायकल हाकणाऱ्यांच्या पायात लोकर दिसते. त्याला कारण आहे: लोकर वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल शोषूनही कोरडी वाटते आणि घामाचा वास उशिरा धरते. जुलैत मात्र हाच मोजा गॅलरीतल्या दोरीवर दोन दोन दिवस ठिबकतो. घाईने गरम पाण्यात, मशिनमध्ये घुसळला की तो आटून धाकट्याच्या मापाचा होतो. कपाटात विसरला की कसर लागते. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीत वर्षानुवर्षे टिकते, पण ती इतकी टोचते की तिचे मोजे कोणी मागत नाही. मोज्याला भोक पडल्याचे कळते ते सत्यनारायणाला गेल्यावर, बूट दाराबाहेर काढताना.