घोड्याचे पायताण

घोडा चार पायांचा प्राणी असला, तरी तो उभा असतो तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर, आणि चारएकशे किलोंचा देह असा चार नखांवर तोलून वर माणसालाही वाहून नेण्यास तो तयार झाला, यावरून त्याच्या भिडस्तपणाची कल्पना यावी. या नखाला टाप म्हणतात. तिची भिंत माणसाच्या नखांप्रमाणेच केराटिन या शिंगवट द्रव्याची असून ती महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते, परंतु लांबच्या खडकाळ वाटेवर वाढीपेक्षा झीज जास्त होऊन हा जमाखर्च तुटीत जातो.

इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक सेनानी झेनोफन याने यावर उपाय सुचवला तो असा, की तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या मुठीएवढे गोटे पसरावेत आणि त्यांवर घोड्याला उभे करावे. अनवाणी शाळेत गेल्याने पाय कसे घट्ट झाले, हे नातवंडांना ऐकवणाऱ्या आजोबांचा हा आद्य पूर्वज होय. पंचाईत एवढीच, की त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे.

पुढे खिळ्यांनी ठोकायचा लोखंडी नाल आला. खिळा टापेच्या संवेदनाहीन बाह्य भिंतीतून जावा लागतो आणि तो थोडा जरी आत सरकला तरी घोडा लंगडतो, त्यामुळे नालबंदाची मर्जी सांभाळणे हे स्वाराचे पहिले कर्तव्य ठरले. मराठेशाहीत शिलेदाराला, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या स्वाराला, दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेलाच नालबंदी म्हणत. सह्याद्रीच्या दगडधोंड्यांत फौज कशावर चालते, हे दप्तरातल्या कारकुनालाही पक्के ठाऊक होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ पासून भरणाऱ्या टेव्हिस चषक या घोड्यांच्या शर्यतीत सिएरा नेवाडा पर्वतातील सुमारे १६० किलोमीटरची वाट २४ तासांत तुडवावी लागते, आणि तेथील स्वारांमध्ये दगडांपासून टाप कशी जपावी या प्रश्नावरून उघड पंथभेद आहे. एक पंथ नाल व तळवा यांमध्ये चामड्याची किंवा प्लास्टिकची गादी घालतो, म्हणजे टोकदार दगडाने तळव्याला मुका मार बसत नाही; दुसरा पंथ नालच नाकारून घोड्याला चक्क बूट चढवतो, मग त्यात खडे शिरतात, टाचेला घासते, आणि नव्या चपलेने हैराण झालेल्या वऱ्हाडी मंडळींची आठवण होते. विशेष म्हणजे नालवाले स्वारही खोगिराला एखादा बूट टांगून नेतात, कारण वाटेत नाल निखळला तर ही स्टेपनीच कामी येते. तत्त्वनिष्ठेची धाव साधारणतः पहिल्या निखळलेल्या नालापर्यंतच असते.

या शर्यतीत रोख बक्षीस नाही. वेळेत पोहोचलेल्या आणि पुढेही चालण्यास धडधाकट असल्याचे पशुवैद्याने मान्य केलेल्या घोड्याच्या कामगिरीबद्दल चांदीचे एक बक्कल दिले जाते, आणि ते स्वाराच्या कमरपट्ट्याला लागते.