विलंबितातला घाम

लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवणाऱ्या कोचच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य जेमतेम दोन शब्दांचं असतं : हळू पळा. फी भरून आलेल्या माणसाला 'एवढी मेहनत करू नका' असं वर्षभर विनवावं लागणारा हा बहुधा एकमेव क्लास असेल. खांदे सैल सोडा, मुठी आवळू नका, पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नका, हे सगळं शिष्य मान डोलावून ऐकतो. हळू पळा म्हटलं की मात्र त्याचा चेहरा, लग्नात दुसऱ्या पंगतीला बसा म्हटलेल्या जावयासारखा होतो. माझं म्हणणं असं की या जावयाची समजूत घालणं हाच कोचिंगचा बारा आणे भाग आहे. तंत्र आणि मनोबल यांवर पुरवण्यांत वेगवेगळे लेख येतात खरे, पण या खेळात दोन्हींची गाठ एकाच जागी पडते : पुढे कुणीतरी चाललंय हे डोळ्यांना दिसत असताना आपल्याच चालीने पळत राहणं जमतं का, तिथे.

यामागे अध्यात्म नाही, साधा जमाखर्च आहे. सपाटीवर एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी २,९०० च्या वर कॅलरी हव्यात. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भरते सुमारे २,००० कॅलरींची. वाटेत जेलची पुडी चोखून थोडी उसनवारी होते. बाकीचं चरबीतून काढायचं. चरबीला तोटा नसतो, काटकुळ्या माणसाच्या अंगावरही ती हजारो कॅलरींची निघते. पण ग्लायकोजेन हा हातात पडलेला पगार आहे आणि चरबी ही मुदत ठेव. ठेव मोडता येते, मात्र खिडकीपलीकडचा कारकून ती आपल्याच गतीने मोडतो. वेग वाढवला की शरीराला तेवढी वाट बघवत नाही, ते पगारच उधळू लागतं, आणि तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला महिन्याची वीस तारीख उजाडते. धावपटू तिला 'वॉल' म्हणतात. महिनोन्महिने संथ पळल्याने स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि कारकुनाचा हात जरा चपळ चालायला लागतो.

यावर पहिला आक्षेप बाणेदार असतो : मन खंबीर असलं की शरीर झक मारत येतं. तसं असतं तर १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकचा निकाल वेगळा लागला असता. त्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये सुरुवातीला पुढे सुसाटलेला फ्रान्सचा आल्बिन लेर्म्यूझियो १,५०० मीटरमध्ये तिसरा आलेला होता. ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक तर ८०० आणि १,५०० अशा दोन्ही शर्यती जिंकून आला होता. या दोघांच्या जिद्दीवर कोण शंका घेणार? पहिला बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास बसला, दुसरा शेवटचे काही किलोमीटर उरले असताना कोसळला, आणि मागून बेताने येणारा ग्रीसचा स्पिरिडॉन लुइस २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत पोहोचला. फ्लॅक पेशाने हिशेबनीस होता, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मनोबल हवंच, फक्त ते शेवटच्या तासाइतकंच पहिल्या तासात लागतं. आणि पहिल्या तासात त्याचं काम लगाम ओढण्याचं असतं.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. हळूच पळत राहिलो तर वेग कुठून येणार? न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डला हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. तो आपल्या पोरांना, अगदी ८०० मीटरवाल्यांनाही, आठवड्याला शंभर मैलांपर्यंत पळवायचा. दोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठी दोन-दोन तास डोंगर तुडवायचे, हा वेडेपणाच वाटायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅल्बर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी घेतलं, तेव्हा वेड्यांची व्याख्या बदलली. पुढे नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल धावपटू, स्कीपटू, नावाडी यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तर पाचातले चार सराव संथच निघाले. पाचवा मात्र जीव काढणारा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ख्याल गायला बसलेला गवई पहिल्याच मिनिटाला तानांचा पाऊस पाडत नाही, आणि सकाळचा खर्ज तर कुणी तिकीट काढून ऐकत नाही. हौशी धावपटूचा खाक्या असा, की रोज मध्य लय! धड विलंबित नाही, धड द्रुत नाही. दमल्याचं समाधान रोज, प्रगती शून्य.

मग तो उपाय शोधतो आकड्यांत आणि बुटांत. जॅक डॅनियल्स या अमेरिकन कोचने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळे मिनिटाला १८० किंवा जास्त टाकत होते. ती पदकासाठी पळणाऱ्यांची पावलं होती. सकाळी बागेत चिमण्यांसारखी टिपटिप पावलं टाकत १८० भरणाऱ्या काकांना हे कुणी सांगत नाही. अनवाणी पळणाऱ्यांचा देव अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला बुटांशिवाय जिंकला, २:१५:१६ वेळेत. १९६४ मध्ये टोकियोला तो बूट घालून तीन मिनिटं लवकर आला, ही गोष्ट भक्तमंडळी सहसा काढत नाहीत.

नोकरी सांभाळून आठवड्याला तीनच तास मिळणारा माणूस विचारेल, की पाचात चार हे माझ्यासाठी आहे का? खरं सांगायचं तर तंतोतंत नाही. त्याने एखादा वेगाचा दिवस जास्त घ्यावा. पण उरलेले दिवस खरोखर हळू असावेत, आणि ते ओळखायला घड्याळ लागत नाही. पळताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, ही जुनीच कसोटी आहे, आणि ती मराठीत जास्त कडक होते. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या सेक्रेटरीने पार्किंगवरून जो काही तमाशा' इथे दम संपला, तर वेग जास्त आहे. 'केला' पर्यंत पोहोचलात तर ठीक.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी पहाटे सीएसएमटीसमोर मात्र कुणाला क्रियापदाची पर्वा नसते. कमरेच्या पट्ट्यात जेलच्या पुड्या, छातीवर एक सेफ्टी पिन निसटलेला नंबर, घड्याळाच्या बटणावर टेकवलेलं बोट, आणि सुटल्यावर पहिले तीन किलोमीटर असे, जणू मागून पावणेसहाची लोकल सुटतेय. या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षं दोनदा लागत आला आहे. जाताना तो चढ आहे हेही कळत नाही. परतताना, पस्तीस किलोमीटर मागे टाकल्यावर, तोच रस्ता सिंहगडासारखा उभा राहतो. काळ्या बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. दुतर्फा लोक संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं पुढे करत असतात. पहाटेचा वाघ कठड्याला धरून, पोटरीवर स्प्रे मारून घेत, सरासरी बिघडू नये म्हणून हळूच घड्याळ थांबवत असतो. आणि त्याच्या बाजूने दोन जण, फारशी घाई नसल्यासारखे, नाश्त्याला मिसळ खायची की थालीपीठ यावर वाद घालत चढून जातात, प्रत्येक वाक्य क्रियापदासकट.