जिवंतपणी दारात कोण येतं?

शेतकऱ्यानं जीव दिला की सरकार कामाला लागतं. तलाठी येतो, पोलीस येतात, पंचनामा होतो. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, सगळं तपासलं जातं. मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं. पात्र ठरलं तर 2006 च्या निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. ही सगळी विचारपूस माणूस गेल्यावरची.

तो जिवंत असताना दारात येते ती आशाताई. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी 2015 मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, तेव्हापासून लसीकरण आणि बाळंतपणांच्या कामात हेही काम तिच्याकडे आलं. घरोघरी जायचं, ताणाखाली कोण आहे ते हेरायचं. ती ओसरीवर टेकते नि विचारते, “झोप लागते का, दादा?” दादा म्हणतो, “लागते ना, ताई.” आतून बायकोचा आवाज येतो, “खोटं सांगून राह्यले. रातभर खाटेवर बसूनच राह्यते.”

निदानाचं निम्मं काम इथंच झालं. अडतं ते पुढे. जिल्हा रुग्णालयात जा, असं तिला सांगावं लागतं. ऐन सोंगणीत दिवस मोडून, एसटीचं भाडं भरून तो जाणार कधी? एकदा गेलाच, तरी गोळ्या संपल्यावर पुन्हा तेच हेलपाटे. उपचार सुटतो तो इथे, आणि मग आपणच म्हणतो की शेतकरी मदत मागत नाही.

चळवळीतल्या मित्रांशी माझं भांडण आहे ते वेगळंच. समुपदेशनाचं नाव काढलं की ते उसळतात, “भाव द्या, सल्ले नकोत.” भाव हवाच. विम्याचे पैसे वेळेवर हवेत, पीककर्ज पेरणीआधी हवं, आणि हे न देता ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणाऱ्या व्याख्यात्याला गावानं वेशीवरूनच परत पाठवावं. पण नैराश्य हा आजार आहे. कापूस चढ्या भावानं गेला म्हणून सहा महिने उडालेली झोप आपसूक परत येईलच असं नाही. साखरेचा आजार असलेल्या शेतकऱ्याला ‘आधी कर्जमाफी, मग इन्सुलिन’ असं आपण सांगत नाही. मग याच्याच गोळ्या कर्जमाफीच्या रांगेत का उभ्या करायच्या?

काय केल्यानं फरक पडतो, हेही शोधायला लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यात ‘संगाथ’ या संस्थेनं 30 गावांत ‘विश्राम’ नावाचं काम केलं. गावातलेच शिकवून तयार केलेले कार्यकर्ते, जोडीला समुपदेशक, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअट्री’त छापून आले. तेव्हा ‘आपल्याकडे कुणी बोलतच नाही’ ही सबब आता पुरे. घराजवळ ऐकणारं कुणी असलं की लोक बोलतात.

आणि शेतमजूर? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांनी आत्महत्या केली. त्यातले 6,083 शेतमजूर होते. महाराष्ट्रातले एकूण 4,248. मजुराला सातबारा नाही, बँकेचं कर्ज नाही, त्यामुळे त्याचं घर पात्र-अपात्रच्या यादीतही येत नाही. दोन हंगाम काम मिळालं नाही तर तोही रात्रभर जागाच असतो. प्रश्नावली घेऊन निघालेल्या आशाताईला त्याच्या झोपडीपर्यंत जायला सांगा, आणि त्या कामाचे पैसे तिला वेळेवर द्या.

ज्याला आज रात्रीच कुणाशी तरी बोलायचं आहे, त्याच्यासाठी ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. ग्रामपंचायतीच्या, बाजार समितीच्या, कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत रंगवायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

आमदारांना मात्र एक काम आहे. किती प्रकरणं पात्र, किती अपात्र, हे ते दर अधिवेशनात विचारतात. येत्या अधिवेशनात त्याच प्रश्नाखाली तीन ओळी वाढवाव्यात: माझ्या जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञांची मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती, आणि गेल्या वर्षभरात नैराश्यावरची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रांत किती महिने मिळत होती.